दोन बोटं ढील

माझ्या धाकट्या सुनेला हाक मारली की ती ‘आले’ म्हणते आणि येत नाही. हातात बटण असलं तर बटण पुरतं लावून, दोरा दातांनी तोडून, सुई डबीत ठेवून मगच उठणार. दारात यम येऊन उभा राहिला तरी त्यालाही ‘आले’ म्हणून ताटकळत ठेवील. आमच्या वेळी सासूच्या हाकेतलं शेवटचं अक्षर हवेत असायचं तोवर आम्ही समोर उभ्या. हातातलं पीठ हाताला तसंच.

मी एकदा तिला स्पष्टच विचारलं, "अगं, तुला हाका मारायच्या तरी किती?"

"एकच पुरते, आई. ऐकू येतं मला."

"मग येत का नाहीस?"

"येतेच की. अर्धं टाकून आले तर टाके उसवतात. मग तेही काम गेलं आणि तुमचंही."

घ्या! मी सासू, आणि शिकवणार ही.

आमचं घर म्हणजे खाली लाँड्री आणि वर आम्ही. आमच्या ह्यांनी एका टबावर सुरू केली होती, ते गेल्यापासून मी चालवते. थोरला वाफेच्या प्रेसवर असतो, धाकटा बॉयलरवर, आणि ही धाकट्याची बायको शिलाईवर. फाटलेलं शिवायचं, तुटलेल्या नाड्या बदलायच्या, बटणं लावायची. थोरला मापाने बोलतो, धाकटा बोलतच नाही, आणि दोघांचं मिळून जे उरतं ते ही बोलते.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे टेकाडावरचं नर्सिंग होम. त्यांच्या चादरी, डॉक्टरांचे हिरवे डगले, पेशंटांचे पायजमे, सगळं आमच्याकडे. तिथली मेट्रन म्हणजे मीच, फक्त पांढऱ्या कपड्यातली. नाकावर माशी बसू देत नाही. ऑपरेशनचे कपडे बाराच्या आत पोचले पाहिजेत, हा तिचा दंडक. मधे आमचा दोनदा उशीर झाला. दुसऱ्यांदा ती मला म्हणाली, "आजी, तुमचं धुणं चांगलं आहे. पण चांगलं धुणं उशिरा येऊन मला काय उपयोग? पुन्हा असं झालं तर मला दुसरी लाँड्री बघावी लागेल." आणि वर म्हणाली, "बघून ठेवली आहे."

त्या ‘बघून ठेवली आहे’ने माझी झोप उडाली होती. नर्सिंग होम गेलं तर बॉयलर पेटवायचा तो काय आमच्या घरच्या टॉवेलांसाठी? दोन मुलांचे संसार त्याच वाफेवर चालतात.

कुणी म्हणेल, गाडी बिघडली तर भाड्याचा टेम्पो करावा. केला होता एकदा, आमची गाडी रंगाला दिली होती तेव्हा. त्यात आदल्या दिवशी कांदे वाहिले होते. गठ्ठे वर पोचले आणि मेट्रनने एक चादर नाकाशी धरली. तिचं तोंड बघून मला वाटलं, आता हिलाच ऑपरेशन टेबलावर घ्यावं लागतंय. तेव्हापासून तिची अट आहे की कपडे येतील ते आमच्याच बंद गाडीतून.

ती गाडी म्हणजे पेटी. ह्यांनी घेतलेली, मागे सामानाला भरपूर जागा, चारही बाजूंनी चौकोनी, म्हणून पेटी. आताच्या गाड्यांसारखं तिला आपोआप काही होत नाही. काच हाताने फिरवायची, गिअर हाताने टाकायचा, दार दोनदा ओढायचं. पण इतकी वर्षं एकदाही तिने आम्हाला दगा दिला नव्हता.

त्या दिवशी दिला.

सगळे गठ्ठे भरून झाले होते. थोरला बसला, किल्ली फिरवली, इंजिन लागलं. त्याने गिअर टाकायला डावा पाय दाबला आणि आतून ‘टण्ण’ असा आवाज आला. सतारीची तार तुटावी तसा. पेडल धपकन खाली जाऊन बसलं ते वर येईना.

"काय झालं रे?"

"क्लच गेला, आई."

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

"कामातून गेला." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. नेहमीच्या मेकॅनिकला फोन लावला तर तो म्हणाला, उद्या सकाळी बघतो. उद्या सकाळी काय, आमचा पंचनामा?

मी शिलाईच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "धाकटे! बाहेर ये!"

"आले!"

आता याही वेळी तिने पायजम्याची शिलाई पुरी केली. मला मशीनचा आवाज ऐकू येत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालंय आणि ही टाके घालतेय. मग आली, वाकून हातानेच ते पेडल दाबून पाहिलं. मेलेल्या पालीच्या शेपटीसारखं ते हातात हललं.

"क्लच नाही गेला," ती म्हणाली. "क्लचची केबल तुटली."

थोरल्याने मान हलवली. ते त्यालाही कळलं होतं, पण केबल तुटली काय आणि क्लच गेला काय, गाडी तर उभीच. मला मात्र कळेना, म्हणून तिने समजावलं. पेडल दाबलं की नळीतून गेलेली ही तार पुढे इंजिनाजवळची एक दांडी ओढते. दांडी ओढली की इंजिन आणि चाकं तेवढ्यापुरती वेगळी होतात, आणि तेव्हाच गिअर बदलता येतो.

"म्हणजे भांडणाऱ्या नवरा-बायकोला आधी दोन खोल्यांत बसवायचं, मग समजूत घालायची," मी म्हटलं.

"अगदी तसंच. आता दोघं एकाच खोलीत आहेत आणि दार उघडत नाहीये."

थोरला म्हणाला, "मी अशीच नेतो. गिअर टाकूनच स्टार्टर मारतो, आवाजावर गिअर बदलत जातो. पूर्वी मित्राची गाडी आणली आहे मी अशी." आणि ते खरं आहे. गाडीचा नूर त्याला कानाने कळतो. पण धाकटी म्हणाली, "सपाटीवर न्याल, भाऊजी. टेकाडावर मधे थांबावं लागलं तर? मागे एवढं ओझं आहे." त्यावर तो गप्प झाला. शहाणा माणूस गप्प कधी व्हायचं ते जाणतो. हा गुण त्याला माझ्याकडून आलेला नाही.

"तुम्ही केबल आणा," ती म्हणाली. "मी बसवते."

"तू कधी बसवली आहेस?"

"सायकलीच्या ब्रेकची. बाबांच्या दुकानात दिवसभर तेच."

"ही काय सायकल आहे?"

"तार तीच, नळी तीच. फक्त अंगाने भरलेली आहे. माणूस जाड झाला म्हणून त्याची हाडं बदलतात का?"

हिचा बाप सायकली दुरुस्त करायचा हे मी लग्न ठरतानाच ऐकलं होतं आणि तेव्हा नाक मुरडलं होतं. आता नाक मुरडायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "कर सुरू."

तिने थोरल्याच्या पान्यांचा डबा घेतला, पुढचं झाकण उघडलं आणि आत हात घालून दांडीजवळचे नट सोडवले. ते सोपं होतं. अवघड होतं ते पेडलपाशी. पेडलचं वरचं टोक स्टिअरिंगच्या खाली, पार आत अंधारात. तिथे माणसाचं डोकं सरळ जाईना. मग ही बया सीटवर उताणी झाली, डोकं खाली पेडलपाशी, पाठ सीटच्या कडेवर आणि दोन्ही पाय उघड्या दारातून बाहेर. भर गल्लीत! समोरचा चांभार रापी हातात धरून बघत राहिला.

मी धावत जाऊन बाद झालेली एक चादर आणली आणि दारापाशी पडद्यासारखी धरून उभी राहिले.

आतून आवाज आला, "आई, उजेड अडतोय."

"अडू दे. अब्रू आधी."

"अब्रूने नट दिसत नाही हो. चादर जरा वर धरा."

मी वर धरली. हात भरून आले, पण धरली. मधूनच तिचा हात चादरीखालून बाहेर यायचा, ‘पाना’, ‘पक्कड’, ‘फडकं’ म्हणायचा आणि मी हातात देत जायचे. माझ्याच लाँड्रीत मी हिची मदतनीस. पण खरं सांगते, त्या हाताकडे बघत राहावंसं वाटत होतं. दिसत काही नसताना बोटं बरोबर जागी जात होती. ओढाओढ नाही, आदळआपट नाही, शिव्या नाहीत. आमच्या ह्यांना साधा नळ दुरुस्त करायचा झाला तरी शेजारची पोरं घरात बोलावून घ्यावी लागायची, कानावर काही पडू नये म्हणून.

ती उठून बसली. तुटलेल्या तारेचं टोक तिच्या हातात होतं. तारेचे धागे जुन्या केरसुणीसारखे पिंजारलेले.

"ही आज तुटलेली नाही," ती म्हणाली. "रोज एकेक धागा तुटत होता. भाऊजी, चालवताना डावा पाय कुठे असतो?"

"पेडलवर. आणखी कुठे? डोक्यावर?"

"सारखा?"

"सारखा."

मला तिथल्या तिथे उलगडा झाला. आमच्या वाफेच्या प्रेसला पायाचं पेडल आहे. ह्यांचा नियम होता की उभं राहिलं की पाय पेडलवर, काम संपेपर्यंत काढायचा नाही. पाय शोधत बसलं तर कपडा जळतो. थोरला पोरवयापासून त्या प्रेसवर उभा आहे. तोच पाय घेऊन तो गाडीत बसायचा. गाडी सरळ रस्त्यावर धावत असली तरी याचा पाय पेडलवर विसावलेला, आणि ती तार बिचारी अष्टौप्रहर ताणलेली. जगात दुसऱ्या कुणाकडून ही चूक अशी होणार नाही. चांगला इस्त्रीवाला होता म्हणून झाली.

"आई, एक नाडी द्या. लांबातली," धाकटी म्हणाली.

कशाला हे मी विचारलं नाही. पायजम्याची जुनी नाडी काढायच्या आधी तिच्या टोकाला नवी जोडायची, म्हणजे जुनी ओढली की नवी आपोआप नेफ्यातून फिरते, हे मला कुणी सांगावं? या गल्लीत माझ्याइतकी झटपट नाडी घालणारी बाई नाही. तिने केबलच्या नळीला आतल्या बाजूने नाडी बांधली, पुढे गेली आणि इंजिनाच्या बाजूने नळी ओढून काढली. नळी बाहेर आली आणि मागोमाग वाट दाखवत आमची नाडी आली, पत्र्यातल्या रबरी कड्यातून, बॅटरीखालून, दोन पाइपांमधून. ती वाट डोळ्यांनी शोधायची म्हटली असती तर दुपार झाली असती.

"जुनी बरोबर न्या," तिने थोरल्याला सांगितलं. "नवी तिच्या शेजारी ठेवून बघा. तारही आणि नळीही."

तो स्कूटरवरून गेला. तेवढ्या वेळात मी दहा वेळा घड्याळाकडे पाहिलं असेल, पण हिने एकदाही पाहिलं नाही. दांडीला बसलेला चिखल खरवडला, ग्रीस लावलं, रबरी कडं काढून पुसून परत बसवलं.

"ते कशाला पुसतेस? तिथे कोण पाहुणा जेवायला येणार आहे?"

"खडा राहिला तर नव्या नळीला घासेल, आई."

थोरला आला. "पहिली दिली ती वीतभर लांब होती," तो म्हणाला. "दुकानदार म्हणतो, चालवून घ्या. मी म्हटलं, चालवून घेतो, पण गाडीपाशी दोन बायका उभ्या आहेत, त्यांना येऊन तू समजाव. लगेच वरच्या फळीवरून बरोबरची काढली."

नव्या केबलच्या टोकाला धाकटीने नाडी बांधली आणि आतून ओढायला लागली. आली, आली, आणि रबरी कड्यापाशी अडली. इकडून ओढली, तिकडून ढकलली, छे. घोडं तिथेच अडलं. गाठ जाड झाली होती. जोर लावावा तर नाडी तुटायची भीती, आणि नाडी तुटली म्हणजे वाटच हरवली.

"सर बाजूला," मी म्हटलं. "नाडीला नाडी गाठीने जोडतात का कधी? नेफ्यात फुगते ती. तुला माझ्याकडे येऊन एवढे दिवस झाले, अजून हे कळू नये?"

मी केबल परत मागे घेतली. टोकाला जे भोक होतं त्यातून नाडी घातली, दुमडली, सुई-दोरा घेऊन नाडी नाडीलाच शिवली आणि वरून दोरा असा घट्ट गुंडाळला की बोट फिरवलं तरी उंचवटा लागू नये. "आता ओढ."

ती पुन्हा सीटवर उताणी. चादर पुन्हा माझ्या हातात. नाडी ताणली गेली, कड्याने जरा कुरकुर केली आणि टोक सुळकन आत गेलं.

"आई!" आतून ओरडली. "लोण्यासारखी आली!"

"येईल नाही तर काय. हात कुणाचा लागलाय?"

मला वाटतं ती हसली. पाय हलले तिचे.

पेडलला टोक अडकवायला तिला वेळ लागला. तिथे बघून काम होत नाही, बोटांच्या टोकांनीच करायचं. एकदा निसटलं, दुसऱ्यांदाही निसटलं. तिने नुसता श्वास सोडला आणि पुन्हा हात वर नेला. तिसऱ्या वेळी ‘टिक्’ झालं. तो एवढासा आवाज, पण मला इतका गोड लागला की चादर हातातून सुटता सुटता राहिली.

मग ती पुढे जाऊन दांडीपाशी तारेचं दुसरं टोक बसवून नट फिरवायला लागली. थोरला सीटवर बसला, पाय दाबून म्हणाला, "सैल आहे. घट्ट कर."

"दोन बोटं ढील ठेवायची असते, भाऊजी. पेडल दोन बोटं आपसूक खाली गेलं पाहिजे, मग तार ताणायची."

"ती दोन बोटं फुकट जातात ना! प्रेसला अशी ढील राहिली तर इस्त्रीच बसणार नाही."

"ही प्रेस नाही."

"मला कळतं ती काय आहे. तुझ्या आधीपासून चालवतोय मी."

दोघांचीही मान ताठ. निवाडा करायला मीच उरले. मला क्लचमधलं काही कळत नाही, पण ताणलेल्या तारांमध्ये माझा जन्म गेलाय. गच्चीवर वाळत घालायची तार नवा गडी नेहमी कडक ताणून बांधतो. दिसायला छान दिसते. मग ओल्या चादरी पडल्या की भिंतीतला हूक प्लास्टर घेऊन बाहेर येतो. तारेला थोडा झोळ लागतोच. ताण येणार आहे हे ठाऊक असलं की आधी जागा ठेवायची.

"थोरल्या," मी म्हटलं, "ढील राहू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"झालं ना? मग चला आता," मी पलीकडच्या दाराने गाडीत शिरत म्हटलं. "धाकटे, झाकण लाव. वेळ होत आला."

"आले!"

पण ही येईना. झाकण तसंच उघडं, त्याच्या मागून नुसता आवाज, "भाऊजी, दाबा. सोडा. दाबा. सोडा."

"अगं, बसली ना ती केबल?"

"आले, आई. दाबा. सोडा. अजून."

माझा जीव टांगणीला. थोरला दाबतोय, सोडतोय, दाढा आवळतोय. शेवटी त्याने न राहवून इंजिन लावलं, पाय दाबून गिअर टाकला, आणि ‘कर्रर्र’ असा आवाज झाला, सगळ्या दातांनी एकदम खडा चावावा तसा. समोरच्या चांभारानेही तोंड वाकडं केलं.

"बंद करा," धाकटी शांतपणे म्हणाली. "नळी नवी आहे. दाबून दाबून ती आता आपल्या जागी बसली. दोनाची ढील चार बोटं झाली, दांडी पुरती ओढलीच जात नाही. म्हणून म्हणत होते थांबा." आणि तिने पुन्हा नट फिरवला. थोडा. मग पेडलपाशी येऊन दोन बोटं लावून पाहिली. पुन्हा पुढे. पुन्हा थोडा. शेवटी वरचा दुसरा नट आवळला, म्हणजे पहिला हलायला नको. "आता टाका."

थोरल्याने गिअर टाकला. आवाजच नाही. पाण्यात हात घालावा तसा गेला.

माझ्या हाकेला ती लगेच आली असती तर आम्ही ते कर्रर्र करत चौकापर्यंत गेलो असतो आणि तिथे चारचौघांत उभे राहिलो असतो. हे मला दिसत होतं. पण दिसलेलं सगळं सासूने लगेच बोलायचं नसतं.

आता झाकण लागलं, सगळं तयार. थोरला सीट सारखी करत होता आणि त्याचा डावा पाय पेडलवर जाऊन बसला होता. त्याला पत्ताही नव्हता. धाकटीने खाली वाकून आपल्या काळ्या हाताने तो पाय उचलला आणि बाजूला जमिनीवर ठेवला. बुटावर पाच बोटं उमटली. तो ओशाळला. "हो हो, लक्षात आहे." आरसा नीट केला, खिशातून रुमाल काढला, आणि तेवढ्यात पाय परत पेडलवर.

आम्ही तिघांनीही तो पाय बघितला.

मी हात लांब करून किल्ली काढून घेतली. "तू उतर."

"आई, गाडी मी नेतो रोज."

"नेतोस. आणि चांगली नेतोस. पण हा पाय तुझा नाही राहिला, प्रेसचा झालाय. आज तो मला गाडीत नको."

गल्ली बघत होती. धाकटाही बॉयलर सोडून दारात येऊन उभा होता. थोरल्याचा चेहरा तांबडा झाला, आणि मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल आणि ते आमच्या घरात वर्षभर टिकेल. तो उतरला. हातातला रुमाल धाकटीकडे देऊन म्हणाला, "हात पूस आधी. स्टिअरिंग काळं होईल." माझाच मुलगा आहे म्हणून नाही सांगत, पण एवढा मोठा घोट एवढ्या सहज गिळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

धाकटी गाडी चालवायला लागली. लायसन तिने माहेरूनच आणलं होतं; आमच्याकडे ते आजपर्यंत कपाटात पडून होतं. मी सबंध वाटेत रस्ता पाहिलाच नाही, तिचा डावा पाय पाहत होते. गिअर बदलायचा की तो पेडलवर जायचा, काम झालं की बाजूला जाऊन पडायचा. कामापुरतं बोलून गप्प बसणाऱ्या माणसासारखा. हिच्या तोंडालाही हे शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

टेकाडाचा चढ लागला. आमचं नशीब असं की बरोबर मध्यावर वरून अॅम्ब्युलन्स आली आणि रस्ता अरुंद. धाकटीने गाडी कडेला घेऊन थांबवली. चढावर, मागे ओल्या वाटाव्यात इतक्या जड चादरी. माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला. अॅम्ब्युलन्स गेली. तिने हँडब्रेक धरला, पेडल हळूहळू सोडायला लागली. एका जागी इंजिनाचा सूर बदलला, जड झाला, गाडीचं नाक जरासं उचललं. तेवढ्यावर तिने ब्रेक सोडला. गाडी मागे तसूभर आली नाही. धक्का नाही, गचका नाही. पाळण्यातलं पोर जागं न करता पाळणा सरकवावा तशी पेटी वर निघाली.

"क्लच कुठे पकडतो ते बोटांना आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "आता पायाला कळलं."

नर्सिंग होमच्या मागच्या दारात मेट्रन उभी होती, हातात फोन. आम्हाला बघून तिने फोन लगेच खाली केला नाही. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग गठ्ठ्यांकडे. वरची चादर उचलून नाकाशी धरली. मग फोन खिशात टाकला.

"ऑपरेशन टेबल तयार करायला घेतच होते," ती म्हणाली. "आज मी आशा सोडली होती, आजी. दुसरीकडे नंबर लावला होता. आता उद्याचं जास्त आहे, दोन गठ्ठे अजून नेता का?"

"नेतो की," मी म्हटलं.

आतल्या बाईने गठ्ठे उतरवायला सुरुवात केली. मला वाटलं, मेट्रनला दाखवावं, गाडी कुणी आणली ते. मी वळून हाक मारली, "धाकटे, इकडे ये जरा!"

"आले!"

ती झाकण उघडून आत वाकली होती. नट पुन्हा तपासत होती. चढावर ताण पडला म्हणून. मेट्रन हसली. मी हसले नाही. मी उभी राहिले. तिने पाना फिरवून पाहिला, दोन बोटं लावून ढील पाहिली, झाकण खाली घेतलं, दाबून लावलं, आणि मग आली. कोपरापर्यंत काळी, कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि माझ्यापुढून सरळ चादरींच्या गठ्ठ्याला हात घालायला निघाली.

मी तिचं मनगट धरलं.

"थांब. ऐक मी काय म्हणते ते. हाकेला तू येत नाहीस, उलट उत्तर देतेस, आणि आज साऱ्या गल्लीला पाय दाखवलेस. सून म्हणून तुझ्यात दोष काढायचे ठरवले तर मला दिवस पुरायचा नाही. पण पेटीची किल्ली आजपासून तुझ्या कमरेला राहील. थोरल्याशी मी बोलते, ते काम माझं. आणि जा, आधी ते हात कोपरापर्यंत धू. माझ्या धुतलेल्या चादरीला काळं बोट लागलं तर किल्ली परत घेईन."